कॉलेज तुमची ओरिजिनल मार्कशीट अडवून ठेवतं तेव्हा

[कॅमेऱ्यासमोर एक जुनी, घडी पडलेली पावती]

ही पावती बघा. वर कॉलेजचं नाव आहे, ते मी अंगठ्यानं झाकलंय, आणि व्हिडिओभर झाकलेलंच राहील. खाली रक्कम. आणि मधे, जिथे पैसे कशाचे ते लिहायचं असतं, तिथे निळ्या बॉलपेननं दोन शब्द आहेत: विकास निधी.

नमस्कार मंडळी. ही पावती २०१० सालची, माझ्या वडिलांच्या नावाची. पुण्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात मी प्रवेश घेतला होता. बारा दिवसांनी दुसरीकडे, मला खरंच हव्या असलेल्या कोर्सला, यादीत नाव लागलं. मी उड्या मारत पहिल्या कॉलेजच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, प्रवेश रद्द करायचाय, माझी बारावीची मार्कशीट आणि एलसी द्या. खिडकीतले काका मान वर न करता म्हणाले, "तीन वर्षांची फी भरा आणि घेऊन जा. तुझ्यामुळे एक सीट रिकामी राहणार, तिचं कोण भरणार?"

वडील बार्शीहून रात्रीच्या एसटीनं आले. पहाटे स्वारगेटला उतरले, सार्वजनिक नळावर तोंड धुतलं आणि साडेनऊला त्या ऑफिसबाहेरच्या बाकावर येऊन बसले. साहेब मीटिंगमध्ये होते. जेवणानंतरही साहेब मीटिंगमध्येच होते. चार वाजता साहेबांनी मोठ्या मनानं तीन वर्षांचं एक वर्ष केलं. वडिलांनी पैसे मोजले, धन्यवाद म्हणाले आणि ही पावती घडी करून खिशात ठेवली.

त्या "धन्यवाद"वर मी पंधरा वर्षं विचार करतोय. आपलेच कागद परत मिळाले म्हणून माणूस धन्यवाद म्हणतो, म्हणजे मधे काहीतरी घडलेलं असतं.

आता ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, विद्यार्थ्यांचे मूळ दाखले अडवून ठेवू नका अशी जाहीर सूचना २००७ साली काढली होती. दोन हजार सात! आमच्या आधी तीन वर्षं. आम्हाला ती माहीत नव्हती. खिडकीतल्या काकांना माहीत होती का? ते मला सांगता येणार नाही, पण पावतीवर "दंड" न लिहिता "विकास निधी" लिहायचं कोणाला तरी सुचलं होतं, हे नक्की.

तर आजचा विषय जड आहे. विद्यापीठं आणि कॉलेजं आपल्याशी, म्हणजे विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्याशी, सचोटीनं वागतात का? हा शब्द ऐकला की वेबसाइटवरचं "व्हिजन-मिशन"चं पान आठवतं. सगळ्यांचं पान सारखंच असतं. मूल्याधिष्ठित शिक्षण, समाजाभिमुखता, उत्कृष्टता. त्या पानावरून काही कळत नाही. कळतं ते खिडकीवर. तुमची एखादी वस्तू त्यांच्या ताब्यात आहे आणि ती परत द्यायची वेळ आलीय, तेव्हा कळतं. वस्तू चारच असतात बघा: तुमचे पैसे, तुमचे कागद, तुमचे मार्क आणि तुमचं वय. वय कसं, ते पुढे सांगतो.

आधी पैसे आणि कागद, कारण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या इनबॉक्समध्ये याचीच रांग लागते.

[स्क्रीनवर: फी परतावा, यूजीसी अधिसूचना, २०१८]

ऑक्टोबर २०१८ मध्ये यूजीसीनं फी परताव्याची सविस्तर अधिसूचना काढली. त्यात लिहिलंय की मूळ कागदपत्रं प्रवेशाच्या वेळी तपासायची आणि तिथल्या तिथे परत द्यायची. ताब्यात ठेवायचीच नाहीत. "फाइलला लावलीत", "मुंबईला व्हेरिफिकेशनला गेलीत", "कपाटाची किल्ली सुट्टीवर आहे" हे सगळं मी ऐकलंय. किल्ली सुट्टीवर जाते, बरं का, पुण्यात.

पैशांचं गणित असं आहे. संस्थेनं प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर केलेली असते, तिच्यावर ते अवलंबून असतं. त्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. त्यातून प्रक्रियेचा खर्च म्हणून भरलेल्या फीच्या जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आतच कापता येतात. पंधरापेक्षा कमी दिवस आधी, तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के. सोळा ते तीस दिवसांत ५० टक्के. तीस दिवस उलटून गेले की मात्र शून्य. आणि डिपॉझिट, ज्याला पावतीवर अनामत म्हणतात, ते पूर्ण परत. लेखी अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत हे पैसे यायला हवेत. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या, राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना सेलच्या स्वतःच्या तारखा आणि नियम असतात, तेव्हा ते माहितीपुस्तक वेगळं बघा.

"लेखी अर्ज" हा शब्द अधोरेखित करा. तोंडी बोलणं म्हणजे हवेत बोट फिरवणं. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का मारत नाहीत? स्पीड पोस्टानं पाठवा, ईमेल करा. ज्या दिवशी कागदावर तारीख पडते, त्या दिवशी समोरच्याची भाषा बदलते. मी बघितलंय.

फीबद्दल अजून एक. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी किती, हे कॉलेज ठरवत नाही. राज्यात २०१५ चा कायदा आहे, त्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण बसतं आणि कॉलेजनिहाय, कोर्सनिहाय मंजूर फी त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्यावर काही घेतलं, त्याला विकास निधी म्हणा, देणगी म्हणा, नाहीतर गणपतीची वर्गणी म्हणा, १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यात त्याचं खरं नाव लिहिलेलं आहे: कॅपिटेशन फी.

जुलै २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी ५० टक्के होती. पण काही खिडक्यांवर मुलींना काय ऐकू आलं? "आत्ता पूर्ण भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ." कॉलेजचीही अडचण असते, ती मी नाकारत नाही, सरकारकडून रक्कम वर्ष वर्ष येत नाही. पण सरकार आणि संस्था यांच्यातली उधारी त्या मुलीच्या बापानं व्याजानं पैसे काढून का भरायची? बारामतीची असो नाहीतर भूमची, ती सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहतेय, महिन्याची मेस भरतेय. तिघांपैकी सगळ्यात अशक्त माणूस निवडून त्याच्यावर भार टाकायचा, यालाच मी सचोटीचा अभाव म्हणतो. पैसे खाल्ले नसतील कोणी. तरीही.

आता मार्कांकडे येतो. इथे मी प्रेक्षक नाही, आरोपी आहे.

मी पाच वर्षं सीएचबीवर शिकवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्व. जेवढे तास घेतले तेवढं मानधन. दिवाळीची सुट्टी असेल तर त्या दिवसांचे पैसे नाहीत, परीक्षा सुरू असतील तर तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि जे आहेत ते येतात सहा-सहा महिन्यांनी. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झालेली, पीएचडी झालेली माणसं सकाळी शिवाजीनगरला एक कॉलेज, दुपारी हडपसरला दुसरं, असं दुचाकीवर आयुष्य काढतात. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेची, टीम येणार असली की मात्र आम्हाला ब्लेझर घालून पुढच्या रांगेत बसवायचे. फोटोत आम्ही "समर्पित प्राध्यापकवर्ग".

नॅकचं निघालंच आहे तर: फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या प्रकरणात अटक केली. संस्था आंध्र प्रदेशातली होती. गेटवर रंगवलेल्या "ए प्लस प्लस"कडे मी तेव्हापासून जरा तिरपं बघतो. असो.

तर परत मार्कांकडे, म्हणजे कॅपकडे. पुण्यात कॅप दोन आहेत. एक प्रवेशाची, दुसरी पेपर तपासणीची, सेंट्रल असेसमेंट प्रोग्रॅम. एका कॉलेजात केंद्र असतं, हॉलमध्ये लांब टेबलं, गठ्ठे, चहा आणि मे महिन्यातला उकाडा. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो. ही चांगली गोष्ट आहे. परीक्षकाला पोर कोण ते कळू नये. मी तिथे एका दिवसात किती पेपर तपासले ते सांगत नाही, आकडा ऐकून तुम्ही माझे व्हिडिओ बघायचे सोडाल. प्रति पेपर मिळणारे पैसे मला हवे होते, कारण चार महिन्यांचं मानधन थकलं होतं. कारण सांगतोय, सबब म्हणून घेऊ नका.

काही महिन्यांनी पुनर्मूल्यांकनात एक पेपर वर आला. मी तपासलेला. शेवटच्या पुरवणीत, आलेखाच्या कागदामागे, पूर्ण सोडवलेला प्रश्न होता. त्यावर माझं पेनच टेकलं नव्हतं. पोर त्या विषयात नापास झालं होतं, नवीन मार्कांनी पास झालं.

मला कोणी रागावलं नाही. सहकारी म्हणाले, होतं असं. पण मधल्या काळात त्या पोराचं काय झालं असेल? पुढचा प्रवेश गेला असेल. कॅम्पसमधून लागलेली नोकरी "ऑल क्लिअर नाही" म्हणून गेली असेल. घरी काय ऐकून घेतलं असेल. मला शोधून माफी मागायची होती, पण कोणाची? बारकोडची? आणि विद्यापीठाकडून त्याला काय गेलं? सुधारित गुणपत्रिका. एका ओळीचंही पत्र नाही, की बाबा रे, चूक आमची होती. रीव्हॅलची फी भरलीस, फोटोकॉपीची फी भरलीस, वाट बघितलीस, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

हे फक्त एका विद्यापीठाचं नाही. आपल्याकडे संस्थांना दिलगिरी लिहायचा नमुनाच नाही. बोनाफाइडचा नमुना आहे, नो ड्यूजचा आहे, मायग्रेशनचा आहे. दिलगिरीचा छापील फॉर्म कुठल्याच खिडकीत मिळत नाही.

आता मघाशी म्हटलं ते वय. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये सांगितलंय की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावायचा. नाही जमलं तर कारणांसह अहवाल वर द्यायचा. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं घाईघाईत ऑनस्क्रीन तपासणी आणली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. परदेशी प्रवेश घेतलेली मुलं हात चोळत बसली. त्या ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, कुलगुरूंना पदावरून दूर केलं. एवढी मोठी कारवाई झाली आणि मुलांना काय मिळालं? निकाल. जो मिळायचाच होता, तो उशिरा. एकविसाव्या वर्षातले चार महिने कोणीच परत करू शकत नाही, म्हणून चार वस्तूंमध्ये मी वयाला सगळ्यात वर ठेवतो.

[स्क्रीनवर: उत्तरपत्रिका बघायचा हक्क]

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा तुम्हाला हक्क आहे. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात तसा निकाल दिला. उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली "माहिती" आहे. विद्यापीठाची फोटोकॉपीची स्वतःची पद्धत असते, तिची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, ती चुकवू नका. पण माहिती अधिकाराचा रस्ताही आहे: जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानामागे २ रुपये आणि ३० दिवसांची मुदत. उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. कॉलेज खासगी असलं तरी पेपर विद्यापीठाकडे असतो, तेव्हा "आम्हाला आरटीआय लागू नाही" हे उत्तर तिथे चालत नाही.

तुम्ही म्हणाल, तक्रार केली तर डूख धरतील. प्रॅक्टिकल त्यांच्या हातात, टर्म वर्क त्यांच्या हातात. ही भीती खोटी नाही. मी स्वतः स्टाफरूममध्ये "तो तक्रारीवाला" असं म्हणताना माणसं ऐकलीत. म्हणून एकट्यानं जाऊ नका, पाच-सात जण मिळून सह्या करा. २०२३ च्या यूजीसीच्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून हवा. समितीनं पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. पटलं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. दाखले अडवणं, माहितीपुस्तकात एक आणि प्रत्यक्षात दुसरं, निकालाला उशीर, जातीवरून भेदभाव, हे सगळं "तक्रार" या व्याख्येत येतं. आता गंमत ऐका: जून २०२४ मध्ये यूजीसीनं लोकपालच न नेमलेल्या विद्यापीठांची यादी जाहीर केली. १५७ नावं होती. त्यातली १०८ सरकारी.

आणि ऐकून घेणं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं सोशल मीडियावरच्या पोस्टवरून एका विद्यार्थिनीला काढून टाकलं. पोस्टबद्दल तुमचं-माझं मत काहीही असू दे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं निष्कासनाचा आदेश स्थगित करून तिला परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं. एक मुद्दा अगदी साधा होता: काढण्यापूर्वी तिचं म्हणणं विचारलंच नव्हतं. सोसायटीत पाण्याची मोटर कोणी चालू ठेवली याची चौकशी करतानासुद्धा आपण आधी विचारतो हो.

काही जण लगेच कमेंट टाकतील की पूर्वीचं पुणं असं नव्हतं. थांबा. पूर्वीच्या पुण्यातही भांडणं होती, पण कशावरून ते बघा. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ ला फर्ग्युसन. आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर वीस-वीस वर्षं शिकवायची शपथ घ्यायचे. १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला, त्यामागे एक मोठा वाद हा होता की सदस्यांनी संस्थेबाहेर कमाई करावी की नाही. पुढच्याच वर्षी गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले. टिळकांचं बरोबर होतं की सहकाऱ्यांचं, यावर शनिवार पेठेत अजूनही दोन तास बोलता येईल. मला स्वतःला सहकाऱ्यांची बाजूही समजते, सीएचबीवर राहिलेल्या माणसाला पोट कळतं. पण शिकवणाऱ्यानं संस्थेला काय देणं लागतं, यावर माणसं घर सोडावं तशी संस्था सोडत होती. आज तोच प्रश्न उलटा विचारायची वेळ आलीय: संस्था शिकवणाऱ्याला काय देणं लागते? चार महिने पगार न मिळालेल्या माणसाच्या हातात तुम्ही त्या पोराचा पेपर देता, तेव्हा आलेखामागचा प्रश्न नजरेतून सुटणारच.

सगळं काळं रंगवतोय असं वाटेल, तर एक सांगतो. गणेशखिंडीतल्या आपल्या पुणे विद्यापीठात मी एका कामासाठी गेलो होतो, जुन्या ट्रान्सक्रिप्टसाठी. विद्यापीठ चौकातल्या कोंडीत पाऊण तास गेला, पोहोचलो तर वेळ संपत आलेली. खिडकीतल्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लांबून आलात का? द्या इकडे." माझ्या अर्जात वर्ष चुकलं होतं. त्यांनी तो परत फेकला नाही. पेन दिलं, कुठे खोडायचं ते दाखवलं, शेजारी सही करायला लावली. चार मिनिटं. नियम तोच, पगार तोच, खिडकीही तशीच. त्या बाई कोण, मला माहीत नाही. नाव विचारायचं राहून गेलं. वहीतल्या पिंपळपानासारखी मी ती चार मिनिटं जपून ठेवलीत.

खाली डिस्क्रिप्शनमध्ये अर्जाचे तीन नमुने टाकलेत: मूळ कागदपत्रं परत मागायचा, फी परताव्याचा आणि उत्तरपत्रिकेसाठी माहिती अधिकाराचा. मराठीत आहेत, तुमची नावं-तारखा घाला. चौथा नमुना मी गंमत म्हणून केलाय, पण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. तो संस्थांसाठी आहे. दिलगिरीचा. "आपल्या उत्तरपत्रिकेच्या तपासणीत आमच्याकडून चूक झाली" इथून सुरू होतो. कोणा परीक्षा विभागातल्या माणसानं हा व्हिडिओ बघितला तर खुशाल वापरा, माझं नाव नको.

आणि ही पावती. [पावती पुन्हा कॅमेऱ्यासमोर] गेल्या दिवाळीत वडिलांनी विचारलं, "त्या पैशाचं त्यांनी काय बांधलं रे शेवटी?" मी पुण्याला परतल्यावर मुद्दाम त्या कॉलेजवरून गेलो. गेटवर नवी कमान आहे. खांबांना ग्रॅनाइट लावलंय, वर सोनेरी अक्षरांत "सत्यमेव जयते". फोटो काढून वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवला.

त्यांचं उत्तर आलं: "कमान चांगली आहे. खर्च बराच आला असेल."